आधी स्कॅन, मग डबल क्लिक

जव्हार-मोखाड्याकडच्या झेरॉक्सच्या दुकानात कुणी पेनड्राइव्ह पुढे केला की जाणता दुकानदार तो थेट उघडत नाही. राइट क्लिक, स्कॅन, पट्टी शेवटापर्यंत सरकली की मग जातीच्या दाखल्याचा अर्ज किंवा बारावीचा प्रोजेक्ट छपाईला जातो. तोवर गिऱ्हाईकही निमूट उभं राहतं. ही शिस्त पुस्तकातून आलेली नाही. तिचं कूळ शोधायला निघालं तर लाहोर, पुणे आणि ठाण्याची जिल्हा कचेरी, एवढा फेरा पडतो.

लाहोरात 1986 च्या जानेवारीत बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी ‘ब्रेन’ लिहिला. आयबीएम पीसीवर पसरलेला हा पहिला व्हायरस. आपल्या वैद्यकीय प्रोग्रामच्या चोरट्या प्रती निघत होत्या म्हणून हा उद्योग केला, असं त्यांनी पुढे सांगितलं. 360 केबीच्या सव्वापाच इंची फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये ब्रेन मुक्काम ठोकायचा, तिथला मूळ मजकूर दुसरीकडे हलवायचा आणि ती जागा खराब असल्याची खूण करून ठेवायचा. त्याच्या पोटात भावांची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही होता! इतका सरळ व्हायरसकर्ता पुढे क्वचितच झाला असेल. सवयींच्या या घराण्यातला पहिला नियम त्याच पिढीतला: मशीन बंद करताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी विसरायची नाही. राहिली, तर दुसऱ्या दिवशी मशीन तिच्यावरूनच सुरू व्हायला जातं आणि विंडोज किंवा डॉस जागं होण्याआधी व्हायरस मेमरीत शिरलेला असतो.

या घराण्याचा पुढचा टप्पा पुण्यात घडला. कैलाश काटकर दहावीनंतर शिक्षण सोडून कॅलक्युलेटर दुरुस्तीला लागले, पुढे स्वतःचं दुरुस्तीचं दुकान काढलं आणि हळूहळू संगणकाकडे वळले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न कॉलेजात संगणकशास्त्र शिकत होता. 6 मार्चला हार्ड डिस्कवरचा मजकूर पुसणाऱ्या ‘मायकेलअँजेलो’ची 1992 मध्ये जगभर धास्ती पसरली होती. दुकानात येणाऱ्या मशिन्सचं दुखणं अनेकदा वायर-चिपचं नसून व्हायरसचं निघे. मग संजय काटकरांनी एकेका व्हायरसवर छोटे प्रोग्राम लिहायला घेतले. 1990 च्या दशकाच्या मध्यात त्यांचं ‘क्विक हील’ झालं. व्हायरस ओळखणं वेगळं आणि बिघडलेली फाइल पुन्हा चालती करणं वेगळं. दुरुस्तीच्या दुकानातल्या माणसाला फाइल चालती करण्याचीच मागणी रोज ऐकू येते. क्विक हीलचं बीज प्रयोगशाळेत न पडता दुकानाच्या काउंटरवर पडलं, हे त्याच्या यशाचं निम्मं कारण मानायला हरकत नाही. कंपनीची पुण्याबाहेरची पहिली शाखा निघाली नाशिकला. मोखाड्याचा माणूस त्र्यंबकमार्गे मोठ्या खरेदीला जातो तेही नाशिकलाच.

स्कॅन म्हणजे मूळ स्वरूपात जुळवाजुळव. प्रत्येक व्हायरसच्या कोडमधला एक ठरावीक तुकडा यादीत नोंदवायचा आणि मशीनवरची फाइल न् फाइल त्या यादीशी ताडून पाहायची. यादी शिळी झाली की पहारेकरी जागा असूनही चोर ओळखत नाही. शहरात इंटरनेटने यादी रोज ताजी व्हायला लागली. घाटमाथ्यावर मात्र पावसाळ्यात वीज आणि फोनची लाइन दोन्ही बेभरवशाच्या, त्यामुळे अपडेटची फाइल नाशिक-ठाण्याहून कुणीतरी पेनड्राइव्हवर आणायचा. औषध आणि आजार एकाच वाहनाने यायचे.

आजाराची मुख्य वाट सरकारी होती. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 ला झाला. तोवर जव्हार-मोखाड्याचं जिल्हा ठिकाण शंभरावर किलोमीटर दूर, ठाण्याला. शाळेची माहिती एक्सेलच्या तक्त्यात भरायची, ती केंद्रप्रमुखाकडे, तिथून पंचायत समितीत, तिथून ठाण्याला. तक्ता निघे पेनड्राइव्हवर आणि रिकामा तक्ता घेऊन तोच पेनड्राइव्ह परत येई. वाटेतल्या एका मशीनमध्ये काही असलं की पाड्यावरच्या शाळेपर्यंत पोचायला त्याला इंटरनेटची गरजच नव्हती.

या वाटेवर दार उघडून दिलं होतं खुद्द विंडोजने. विंडोज 95 पासून सीडी घातली की तिच्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हावा म्हणून ‘ऑटोरन’ची सोय होती. सीडी विकत आणलेली असे, तोवर ठीक. पेनड्राइव्ह आला आणि त्या सोयीचा घात झाला. ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ नावाची लपलेली फाइल पेनड्राइव्हवर टाकून ठेवायची. एक्सपीमध्ये ड्राइव्हच्या चित्रावर डबल क्लिक केलं की व्हायरस चालू. नोव्हेंबर 2008 मधला ‘कॉन्फिकर’ पुढे याही वाटेने पसरला. दुसरी जात त्याहून मिश्कील: खरे फोल्डर लपवायचे आणि त्याच नावाच्या, फोल्डरचंच चित्र लावलेल्या ‘ईएक्सई’ फाइली मांडायच्या. विंडोज फाइलच्या नावाचं ‘डॉट ईएक्सई’सारखं शेपूट मुळातच दाखवत नाही, त्यामुळे ‘हजेरी जून’ उघडायला गेलेले गुरुजी व्हायरसच उघडायचे.

यावर तोडगे निघाले ते तोंडोतोंडी. डबल क्लिक न करता ॲड्रेस बारमध्ये ड्राइव्हचं अक्षर टाइप करायचं. पेनड्राइव्ह लावताना शिफ्टचं बटण दाबून धरायचं. फोल्डर गायब झाले तर काळ्या खिडकीत ‘ॲट्रिब’ची आज्ञा द्यायची. सगळ्यांत चतुर युक्ती अशी: पेनड्राइव्हवर ‘ऑटोरन डॉट आयएनएफ’ याच नावाचा रिकामा फोल्डर आपणच करून ठेवायचा. एका जागी त्याच नावाची फाइल आणि फोल्डर दोन्ही नांदत नाहीत, त्यामुळे साधा व्हायरस तिथे आपली फाइल लिहायला जाई आणि अडे. एक पैसा खर्च नाही! पुढे हुशार व्हायरस तो फोल्डर पुसायला शिकले, ते सोडा.

मायक्रोसॉफ्टने विंडोज 7 मध्ये पेनड्राइव्हचं ऑटोरन बंद केलं आणि फेब्रुवारी 2011 मध्ये जुन्या एक्सपी-व्हिस्टासाठीही अपडेट सोडलं. ते मिळालं अपडेट चालू असणाऱ्यांना. ‘ही प्रत अस्सल नाही’ असा संदेश येऊन पडदा काळा होईल, या धाकाने चोरीच्या विंडोजवाल्यांनी अपडेटच बंद करून ठेवलेलं होतं.

मशीन पळवण्याचे तोडगेही याच काळातले, आणि त्यांत खरं-खोटं सरमिसळ आहे. डेस्कटॉपवर पुन्हा पुन्हा ‘रिफ्रेश’ मारल्याने चित्रं नव्याने काढली जातात, मशीन रेसभरही हलकं होत नाही. टेम्प फोल्डर रिकामा केल्याने जागा मिळते, वेग सहसा डिस्क गच्च भरली असेल तरच. एका मशीनवर दोन अँटिव्हायरस बसवले की दोघं प्रत्येक फाइल तपासत बसतात आणि मालक व्हायरसला शिव्या देतो. रॅमच्या सोनेरी पट्ट्या खोडरबरने घासणं मात्र अडाणीपणाचं नाही: जव्हारच्या दमट पावसाळ्यात संपर्कावर साचलेला थर त्याने निघतो आणि बीप देणारं मशीन उठून बसतं.

सरकारने फेब्रुवारी 2017 मध्ये ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केलं. तिथे क्विक हीलचं साफसफाईचं साधन फुकट मिळू लागलं, आणि ओळखीच्याच पेनड्राइव्हला आत घेणारं सी-डॅकचं ‘यूएसबी प्रतिरोध’ही. विंडोज 8 पासून तर डिफेंडर घरचाच झाला.

आता अडचण वेगळी आहे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा आधार संपला, आणि विंडोज 11 ला टीपीएम 2.0 ही सुरक्षा-सोय लागते, जी बऱ्याच जुन्या मशिन्सकडे नाही. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली की अशी मशिन्स पळायला लागतात, पण थांबलेल्या सुरक्षा-अपडेटवर तो उपाय नाही. त्यासाठी मायक्रोसॉफ्टच्या वाढीव मुदतीची नोंदणी, नवं मशीन किंवा लिनक्स. लिनक्सवर युनिकोड मराठी छान चालतं. ज्या दुकानाचा वीस वर्षांचा माल युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये साठला आहे, तिथे मात्र हा पर्याय पहिल्याच लग्नपत्रिकेला अडतो.