जाहीर रोजनिशी आणि आयोवाचे शेजारी

जहाजाच्या कप्तानाने रोजच्या वाटचालीची नोंद ज्या वहीत करावयाची, तिला ‘लॉग’ म्हणतात. संगणकाच्या जाळ्यावरील जाहीर टिपणांना १९९७ साली ‘वेबलॉग’ हे नाव मिळाले आणि १९९९ साली त्याचाच ‘ब्लॉग’ असा संक्षेप झाला. कोणी आपल्या मांजराविषयी लिही, कोणी वाचलेल्या पुस्तकाविषयी. या फावल्या वेळच्या लेखनाच्या बळावर राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मागता येईल, असे तेव्हा फारसे कोणाच्या मनात आले असेल असे वाटत नाही.

ती मागितली हॉवर्ड डीन यांनी. पेशाने डॉक्टर असलेले हे गृहस्थ १९९१ पासून जानेवारी २००३ पर्यंत व्हरमाँटचे गव्हर्नर होते. राज्य चिमुकले, वस्ती सुमारे ६ लाख. जवळ ना पैसा, ना नाव. मात्र इराकवरील स्वारीला त्यांचा उघड विरोध होता, आणि डेमोक्रॅटिक पक्षातील त्यांच्या बहुतेक मातब्बर प्रतिस्पर्ध्यांनी तर काँग्रेसमध्ये त्या युद्धाच्या बाजूने मत दिले होते. त्यामुळे जे चिडले होते आणि ज्यांना कोणी विचारीत नव्हते, अशा लोकांना हा मनुष्य आपला वाटला.

मार्च २००३ मध्ये त्यांच्या प्रचारकचेरीने ब्लॉग सुरू केला. पुढे त्याला ‘ब्लॉग फॉर अमेरिका’ म्हणू लागले. प्रत्येक टिपणाखाली वाचकांना लिहिण्याची मोकळीक होती, आणि खरी नवलाई तीच. मतदाराने पुढाऱ्याला धाडलेले पत्र बहुधा केराच्या टोपलीत विसावते; येथे ते तत्काळ प्रसिद्ध होई, त्याला उत्तर मिळे आणि प्रसंगी ते अमलातही येई. निधी जमेल तसे तांबडे होत जाणारे बेसबॉलच्या बॅटचे एक चित्र तेथे झळके. ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कातील सभेपूर्वी वाचकांनी सुचविले, की डीन यांनी खरोखरच बॅट घेऊन व्यासपीठावर यावे. ते आले. गोष्ट क्षुल्लक खरी. पण दूरच्या गावी संगणकापुढे बसलेल्या माणसाला आपले म्हणणे उमेदवाराच्या हातात दिसले, हा अनुभव त्याला नवा होता.

जुलैमध्ये उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांच्यासाठी माणशी २,००० डॉलरांचे भोजन योजिले होते. डीन यांनी त्याच सुमारास संगणकाशेजारी बसून साधे सँडविच खाल्ले आणि वाचकांना हाक दिली. भोजनात जमले त्याहून अधिक, म्हणजे ५ लाख डॉलरांवर रक्कम लहान लहान देणग्यांतून आली. ब्लॉगवर कोणी कुत्सित शेरा मारला, तर उत्तरादाखल समर्थक आणखी देणगी देत! टीकाकाराला दुभत्या जनावराचा मान मिळाल्याचे हे उदाहरण विरळाच. वर्षअखेर ४ कोटी डॉलरांहून अधिक निधी जमला होता. पक्षातील कोणत्याही प्रतिस्पर्ध्याजवळ इतका नव्हता.

मग आयोवा आले. तेथील कॉकस हे गुप्त मतदान नव्हते. जानेवारीच्या कडाक्याच्या थंडीत सायंकाळी शाळेत, ग्रंथालयात, कधी कोणाच्या दिवाणखान्यात शेजारीपाजारी जमत आणि प्रत्येकजण आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभा राही. ज्याच्यामागे शेकडा १५ माणसे उभी नसत, त्याच्या समर्थकांना दुसरा कोपरा धरावा लागे. इतर कोपऱ्यांतून त्यांना हाका येत. येथे कामास येई ती ओळख. डीन यांच्या समर्थकांनी देशभर दरमहा सभा भरवून आयोवाच्या मतदारांना स्वहस्ते पत्रे लिहिली होती. सुमारे साडेतीन हजार स्वयंसेवक परराज्यांतून येऊन, नारिंगी टोप्या घालून दारोदार फिरले. उत्साह निष्कपट होता. पण टोपीमुळे पाहुणा दुरूनच ओळखू येत होता. १९ जानेवारी २००४ रोजी केरी यांना शेकडा ३८, एडवर्ड्स यांना ३२ आणि डीन यांना १८ असा कौल पडला.

हा दोष केवळ ब्लॉगचा नव्हे. सद्दाम पकडला गेल्याने अमेरिका अधिक सुरक्षित झाली नाही, हे डीन यांचे विधान अनेकांना खटकले होते. गेपहार्ट यांच्याशी झालेल्या चिखलफेकीतही दोघांचे अंग माखले. तथापि मला वाटते, की आपसांत रंगलेल्या संवादाला या मंडळींनी लोकमत मानले, हे दुर्लक्षिता येणार नाही. लिहिणारे तेच, दाद देणारेही तेच.

त्या रात्री समर्थकांसमोर डीन यांनी एक आरोळी ठोकली. सभागृहात इतका कोलाहल होता, की ती जेमतेम ऐकू आली. पण हातातील ध्वनिग्राहक जवळचा आवाज तेवढा टिपणारा होता. गर्दी गळाली, एकट्या माणसाचे ओरडणे उरले आणि दूरचित्रवाणीने ते शेकडो वेळा ऐकविले. १८ फेब्रुवारीला त्यांनी प्रचार थांबविला.

त्यांचे कार्यकर्ते मात्र पांगले नाहीत. स्वतः डीन २००५ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष झाले. त्यांच्या संगणक-कक्षातील काही तरुणांनी ‘ब्लू स्टेट डिजिटल’ ही कंपनी काढली, आणि बराक ओबामा यांनी तिलाच काम दिले. या वेळच्या संकेतस्थळावर समर्थकाला आपल्याच पंचक्रोशीतील समविचारी माणसे हुडकून त्यांची बैठक भरविता येई, आणि आयोवात गावोगाव प्रचारकचेऱ्या उघडल्या गेल्या. २००४ च्या कॉकसला डेमोक्रॅटिक पक्षाचे १ लाख २४ हजारांच्या आसपास लोक आले होते. ३ जानेवारी २००८ रोजी ते सुमारे २ लाख ४० हजार आले, आणि ओबामा यांच्या कोपऱ्यात सर्वांत मोठी गर्दी झाली.