तेरा वर्षांचा पाणबुड्या, ८५ शेळ्या आणि कळसूबाईची उंची

१/
१९०६ चा उन्हाळा. स्कॉटलंडच्या किनाऱ्यालगत ब्रिटिश नौदलाच्या नौकेवरून तेरा वर्षांचा एक मुलगा पाणबुड्याच्या पोशाखात समुद्रात उतरला. पोशाख प्रौढ माणसाच्या मापाचा होता. मनगटाशी तो सैल पडला आणि आत पाणी शिरू लागले.

२/
मुलगा वाचला. त्याचे नाव जॅक. नौकेवर प्रयोग करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन हे त्याचे वडील. दाबाचे गणित त्यांनी चोख मांडले होते; बाहीचे माप मात्र कोणी पाहिले नव्हते.

३/
हे गणित हवे कशाला होते? पाण्याखाली दाब वाढला की श्वासातील नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळतो. माणूस झपाट्याने वर आला तर त्याचे बुडबुडे होतात. सोडावॉटरच्या बाटलीचे बूच काढावे, तसे.

४/
या विकाराची पहिली मोठी किंमत पूल बांधणाऱ्यांनी मोजली. नदीच्या तळाशी, दाबाखालील हवेच्या पेटाऱ्यांत ते काम करत. ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग १८७२ मध्ये याच विकाराने खिळले. उरलेल्या कामावर त्यांनी खिडकीतून नजर ठेवली आणि पत्नी एमिली यांनी त्यांचे निरोप कामावर पोहोचवले. १८७८ मध्ये फ्रान्सच्या पॉल बेर यांनी नायट्रोजनचे कारण सिद्ध केले. तरी वर यायचे ते किती सावकाश, याचे कोष्टक नव्हतेच.

५/
ते हॉल्डेन यांनी दिले. लंडनमध्ये दाबाच्या कोठीत सुमारे ८५ शेळ्यांवर प्रयोग झाले. सांधा दुखू लागला की शेळी पुढचा पाय उचलून धरी. निदानाची खूण तीच. निष्कर्ष सुटसुटीत निघाला : दाब निम्म्यावर येईपर्यंत धोका थोडा, त्यापुढे टप्प्याटप्प्याने थांबत यावे.

६/
१९०६ मध्येच डेमंट आणि कॅटो हे दोघे २१० फुटांवर जाऊन सुखरूप परतले. १९०८ मध्ये कोष्टके प्रसिद्ध झाली. दोनास एक हे प्रमाण पुढे अमेरिकी नौदलाने बदलले, पण थांबत वर येण्याची कल्पना टिकली. आज बुडीच्या शेवटी पाच मीटरांवर तीन मिनिटे थांबतात, ती तिचीच वंशज.

७/
जॅक म्हणजे पुढचे विख्यात जनुकशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन. १९५७ मध्ये ते कलकत्त्यास आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला निवर्तले. दुसऱ्या महायुद्धात पाणबुड्यांसाठी त्यांनी दाबाच्या कोठीत स्वतःच्याच देहावर प्रयोग केले होते. वडिलांचा वारसा असाही चालतो!

८/
आता अकोले. समुद्र दूर, पण पाणी भरपूर. प्रवरेवरील भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. त्याची उंची सुमारे ८२ मीटर. डेमंट ज्या खोलीवर गेले ती याहून कमी, सुमारे ६४ मीटर. धरणाच्या भिंतीखाली उभे राहून वर पाहिले की त्या बुडीचे मोल कळते.

९/
तालुक्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटर. शिखरावर हवेचा दाब समुद्रकाठच्या सुमारे ८२ टक्के. गोम येथेच आहे. हॉल्डेन यांचे गणित गुणोत्तराचे : वरचा अंश ऊतींत विरघळलेल्या वायूचा दाब, खालचा छेद बाहेरच्या हवेचा दाब. डोंगर चढला की छेद लहान होतो आणि गुणोत्तर वाढते. म्हणजे बुडी संपल्यावरही शरीर वरच येत असते.

१०/
मालवण-तारकर्लीमुळे स्कूबा आता मराठी घरांत नवे राहिलेले नाही. ‘पाडी’ या संस्थेचे कनिष्ठ प्रमाणपत्र दहाव्या वर्षापासून मिळते. दहा-अकराव्या वर्षी मर्यादा १२ मीटर, सोबत पालक वा प्रशिक्षक. बारा ते चौदाव्या वर्षी १८ मीटर, सोबत प्रमाणित प्रौढ. पंधराव्या वर्षी ही बंधने सुटतात. नवे कार्ड खिशात आले की धीर वाढतो, आणि खरी काळजी तेथूनच लागते.

११/
घाबरून श्वास रोखत वर येणे हा सर्वांत घातक प्रमाद, कारण फुप्फुसातील हवा वर येताना फुगते. दहा मीटरांवरून पृष्ठभागी येताना ती दुप्पट होते. म्हणून श्वास चालू ठेवायचा आणि मिनिटाला नऊ मीटरांहून वेगाने यायचे नाही. पोशाख स्वतःच्या मापाचा असावा, हे जॅकने १९०६ मध्येच दाखवले.

१२/
दुसरा प्रमाद पाण्याबाहेरचा. एका बुडीनंतर किमान बारा तास आणि अनेक बुड्यांनंतर किमान अठरा तास विमानप्रवास करू नये, असा प्रचलित सल्ला आहे. तो सुमारे ६०० ते २४०० मीटर उंचीच्या दाबासाठी आहे. म्हणजे कळसूबाई त्यात बसते, आणि परतीच्या वाटेवरचा आंबोली घाटमाथाही, सुमारे ६९० मीटर.

१३/
समजा, अकोल्याच्या मुलांनी शनिवारी-रविवारी तारकर्लीत बुड्या मारल्या. शेवटची रविवारी दुपारी चार वाजता. अठरा तास सोमवारी सकाळी दहाला भरतात. रात्रीच्या गाडीने आंबोलीमार्गे निघून सोमवारी सूर्योदयाला शिखरावर पोहोचण्याचा बेत असेल, तर रविवारची रात्र मालवणातच काढावी आणि बारी गावातून चढाई मंगळवारी पहाटे सुरू करावी.