करवंटीतला खुराक

डिसेंबरात इंग्लंडमधल्या एखाद्या परसात डोकावले, तर कोकणी माणसाला ओळखीची वस्तू दिसेल : सफरचंदाच्या निष्पर्ण फांदीला टांगलेली नारळाची करवंटी. आत थिजलेली गुराची चरबी आणि तिच्यात रुतलेले ओट, सूर्यफुलाच्या बिया, बिनमिठाचे शेंगदाणे. प्रमाण सोपे आहे : एक वाटी चरबीला दोन वाट्या कोरडा माल. चरबी मंद आचेवर पातळ करायची, माल ढवळायचा, ओतायचे आणि गार होऊ द्यायचे. मग आपल्या रामगंगेचा भाऊबंद, ब्लू टिट, करवंटीला उलटा लोंबकळून चोची मारू लागतो. जेमतेम ११ ग्रॅमचा हा जीव हिवाळ्याची लांबलचक रात्र अंगातली चरबी जाळूनच काढतो. हा खुराक इथवर कसा आला, ते पाहायला आपण मागे जाऊ.

सुरुवात आख्यायिकेपासून करावी लागते. सहाव्या शतकातल्या स्कॉटलंडच्या संत सर्फने एका रॉबिनला दाणे भरवून माणसाळवले, असे सांगतात. नॉर्वे-स्वीडनमध्ये नाताळात ओटची पेंढी काठीला बांधून पाखरांसाठी उभी करण्याची रीत अठराव्या शतकात तरी रूढ होती. आपल्या पितृपक्षातल्या कावळ्याच्या घासासारखाच हा मामला. पाखराचे पोट भरे, पण निमित्त सणाचे असे. भुकेल्या पाखराचीच कणव येऊन लोक हलले ते १८९०-९१ च्या कडाक्यात. ब्रिटनमधली वर्तमानपत्रे वाचकांना पाखरांसाठी खाणे ठेवायला सांगू लागली. त्या दशकात थेम्सच्या पुलांवर लोक पेनीची मासळी विकत घेऊन कुरव पक्ष्यांना भरवत.

पण चरबीच्या गोळ्याचा खरा मूळपुरुष जर्मन होता आणि भूतदया हे त्याचे मुख्य कारण नव्हते. थुरिंजियातल्या झेबाखचा जमीनदार हान्स फॉन बेर्लेप्श याला जंगलातल्या अळ्या खाणारी पाखरे हिवाळ्यात जिवंत राहायला हवी होती. मजुराला बिनकामाच्या दिवसांतही पोसावे, तसाच हा हिशेब. त्याच्या पाककृतीत वाळवून कुटलेला पाव, दळलेले मांस, भांगेच्या बिया, खसखस, एल्डरची सुकी फळे, इतकेच काय मुंग्यांची अंडीही होती आणि या साऱ्याच्या सुमारे दीडपट चरबी. हे कढत मिश्रण पळीने सूचिपर्णी झाडाच्या फांद्यांवर ओतायचे. नाताळ उरकलेले झाडही चालत असे. १९०५ मध्ये हायनिखच्या अरण्यात अळ्यांनी ओक ओरबाडून काढले, तेव्हा बेर्लेप्शची राई हिरवी राहिली, असे त्याचा अनुयायी मार्टिन हीझेमान याने लिहून ठेवले. हीझेमानचे पुस्तक १९०८ च्या सुमारास इंग्रजीत आले आणि वनपालाची युक्ती गृहिणीच्या चुलीवर पोचली. १९१० मध्ये ‘पंच’ साप्ताहिकाने पाखरांना खाऊ घालणे हा राष्ट्रीय छंदच ठरवून टाकला.

छंदाला अडथळा आला तो युद्धाचा. १९४० पासून ब्रिटनमध्ये माणसाच्या खाण्याजोगे अन्न वाया घालवणे गुन्हा ठरले. पाखरांना पाव टाकल्याबद्दल दंड झाल्याची नोंद आहे. शांतता आल्यावर मात्र दाण्यांचा बाजार उभा राहिला आणि तयार गोळे दुकानात मिळू लागले. आता पाखरेच बदलू लागली. मध्य युरोपातले ब्लॅककॅप हिवाळ्यासाठी स्पेनकडे जायचे सोडून ब्रिटनमधल्या परसांकडे वळू लागले. मला तर या साऱ्या इतिहासातले हेच वळण सर्वांत थक्क करणारे वाटते. पण पंगतीत रोगही जेवायला बसला. २००५ पासून ट्रायकोमोनोसिसने ग्रीनफिंच इतके घटले, की २०२१ मध्ये ते ब्रिटनच्या संकटग्रस्त पाखरांच्या लाल यादीत गेले. त्यामुळे आता करवंटी टांगणाऱ्याला पाककृतीबरोबर आणखी एक सूचना मिळते : आठवड्यातून एकदा ती घासून धुवायची, पूर्ण वाळवायची आणि मगच पुन्हा भरायची.