गाण्याचा पडदा कोणी रंगवला?

आज आपण गाण्याबद्दल बोलणार आहोत, पण डोळ्यांनी बघायच्या गाण्याबद्दल. रेडिओवर चित्राच्या गोष्टी सांगायच्या म्हणजे आमची पंचाईतच आहे. तुम्हाला दाखवता काहीच येत नाही. तेव्हा हातातलं काम चालू राहू द्या, निवडणं, टिपणं, जे असेल ते, आणि चित्र मनात रंगवत चला.

सुरुवात आपल्या शेजारापासून करू. अंबड-घनसावंगीकडच्या बायांना पैठण काही लांब नाही. पैठण म्हटलं की आपल्याला नाथषष्ठी आठवते, पैठणी आठवते. चित्रकलेच्या अभ्यासकांना मात्र तिसरीच गोष्ट आठवते, ती म्हणजे पैठणची चित्रं. चित्रकथी नावाचे लोक गावोगाव फिरायचे. त्यांच्याजवळ कागदावर रंगवलेल्या चित्रांचा गठ्ठा असायचा, त्याला ते पोथी म्हणत. रात्री देवळापुढं दिवा लावून बसायचं, एक चित्र उभं धरायचं आणि त्यातली कथा गाऊन सांगायची. गाणं पुढं सरकलं की चित्र बदलायचं. राम वनवासाला निघाला की वनवासाचं चित्र, युद्ध आलं की युद्धाचं. मोठे टपोरे डोळे, बाजूनं दिसणारे चेहरे, लाल-पिवळे ठसठशीत रंग, कारण दिव्याच्या उजेडात मागं बसलेल्यालाही दिसलं पाहिजे. ही चित्रं आज पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात बघायला मिळतात. गाणाऱ्याचा आवाज तिथं नाही. तो ऐकायचा तर सिंधुदुर्गातल्या पिंगुळीला जावं लागतं. तिथं ठाकर समाजानं ही कला सांभाळली आहे, आणि त्यांच्यातल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री मिळाली.

इथं एक गोष्ट ध्यानात ठेवा. चित्रकथीत गाणारा वेगळा आणि दिसणारा वेगळा. चित्रातली सीता काही स्वतः गात नाही, तिचं दुःख बाजूला बसलेला बाप्या गातो.

आता सांगलीला जाऊ. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीच्या राजांच्या आश्रयानं ‘सीतास्वयंवर’ हे नाटक केलं. मराठी नाटक तिथून सुरू झालं असं आपण मानतो. त्या नाटकात पदं कोण म्हणायचं? सूत्रधार. राम-सीतेची सोंगं घेतलेले नट समोर उभे राहायचे, जमेल तसं बोलायचे, आणि गाणं सूत्रधाराचं. म्हणजे चित्रकथीचाच धाटा. कागदाच्या जागी माणसं आली, एवढाच फरक. भावे स्वतः लाकडी बाहुल्या करण्यात तरबेज होते, हेही या जागी सांगितलं पाहिजे.

मग 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘संगीत शाकुंतल’ आणलं. आता शकुंतला स्वतःच गायला लागली, दुष्यंतही गायला लागला. चित्रालाच कंठ फुटला म्हणा ना! पारशी कंपनीचं ‘इंद्रसभा’ हे गाण्यांचं नाटक बघून अण्णासाहेबांना ही कल्पना सुचली, असं सांगतात.

पात्रांनीच गाऊन कथा सांगायची ही रीत इटली देशात त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी सुरू झाली होती. तिला ऑपेरा म्हणतात. 1600 च्या आसपास फ्लॉरेन्स शहरात पहिले ऑपेरे झाले. आपल्या संगीत नाटकात मध्ये मध्ये बोलणं असतं, तिकडे बहुतेक सगळं गाऊनच. त्या गाण्यामागं चित्रकारांनी मोठमोठे देखावे रंगवले. जवळचे खांब मोठे, लांबचे बारीक, रस्ता मागं मागं निमुळता होत गेलेला. कापड सपाट, पण बघणाऱ्याला वाटावं की आत कोसभर शहर पसरलंय. ही युक्ती इंग्रजांबरोबर मुंबईला आली, पारशी नाटक कंपन्यांनी उचलली आणि त्यांच्याकडून आपल्या संगीत नाटकात उतरली.

ज्या बायांच्या सासऱ्या-आजेसासऱ्यांनी गावात नाटक बसवलं असेल त्यांना पडदे ठाऊक असतील. रस्त्याचा पडदा, बागेचा, जंगलाचा, राजवाड्याचा. पडदा खाली दांड्याला गुंडाळलेला असायचा आणि दोरानं वर-खाली व्हायचा. यातली गंमत अशी की पडद्यामुळं नाटक लिहिण्याची पद्धतही ठरली. पुढं रस्त्याचा पडदा सोडून दोन विनोदी पात्रं बडबड करत ठेवायची, तेवढ्या वेळात मागं गडी राजवाडा मांडून मोकळे. प्रेक्षक हसतोय आणि मागं सिंहासन ओढलं जातंय. म्हणून जुन्या नाटकांत गंभीर प्रवेशानंतर एकदम हलकाफुलका प्रवेश येतो. लेखकाची लहर असेलच, पण सामान हलवायलाही वेळ लागतो. घर आवरून पाहुण्यांना बसवणाऱ्या बाईला हे वेगळं समजवायला नको.

हे पडदे रंगवणाऱ्यांत कोल्हापूरचे दोन भाऊ फार गाजले, आनंदराव आणि बाबूराव. नात्यानं आते-मामे-चुलत यांतलं काही असो, काम सख्ख्यांसारखं एकत्र केलं. मूळ आडनाव मेस्त्री, पण लोकांनी त्यांना पेंटरच करून टाकलं. 1910 ते 1916 या काळात मोठमोठ्या संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे त्यांच्या हातचे होते. आनंदराव 1916 साली वारले. बाबूरावांनी पुढं स्वतः कॅमेरा तयार केला, कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली ‘सैरंध्री’ हा सिनेमा आणला. म्हणजे मराठी सिनेमाचा एक मोठा रस्ता नाटकाच्या रंगवलेल्या पडद्यातून निघाला.

आता मुख्य माणसाकडे येऊ, राजा रविवर्मा. केरळातल्या किळीमानूरचा हा चित्रकार. 1848 ते 1906 हा त्याचा काळ. त्यानं तैलरंगात शकुंतला रंगवली, दमयंती रंगवली, सरस्वती आणि लक्ष्मी रंगवली. पायात काटा रुतल्याचं निमित्त करून मागं वळून दुष्यंताकडे बघणारी शकुंतला तुम्ही कुठं ना कुठं पाहिलेली आहे. नीट बघितलं तर ते चित्र म्हणजे नाटकाचा प्रवेशच आहे. सगळी पात्रं प्रेक्षकाला दिसतील अशी उभी, मागं जंगलाचा देखावा, आणि मधल्या बाईच्या मानेच्या एका वळणात सगळी गोष्ट. रविवर्मा आणि त्याचा भाऊ मुंबईत राहत असताना नाटकं बघायला जात. नाटकवाले त्याची चित्रं बघत. कोणी कोणाकडून किती घेतलं याचा हिशेब आज मांडता येत नाही, पण देवाणघेवाण दोन्हीकडून होती.

1894 साली रविवर्म्यानं मुंबईत चित्रांचा छापखाना काढला, पुढं तो लोणावळ्याजवळ मळवलीला नेला. राजवाड्यातली लक्ष्मी आता थोड्या पैशांत कोणाच्याही देवघरात येऊ लागली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकू देत नव्हते, त्यांच्याही भिंतीवर देव आले. ही गोष्ट आम्हाला फार मोठी वाटते. आज आपल्या कॅलेंडरवर कमळात उभी असलेली साडीतली लक्ष्मी दिसते, ती बरीचशी त्याच घरची.

आणि या चित्रांतली बाई रंगमंचावर कोण उभी करत होतं? पुरुष! नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व. जन्म 1888 चा. किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेपासून सुरुवात केली, 1913 साली गंधर्व नाटक मंडळी निघाली. ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी. आवाज तर होताच, पण लोक बघायलाही जात. खरे शालू, खरे दागिने, अत्तराचा घमघमाट, आणि उभं राहणं तर अगदी फ्रेममधून उतरल्यासारखं. पुण्या-मुंबईच्या सधन घरातल्या बाया त्यांचा पदर बघून पदर घ्यायला लागल्या, त्यांच्यासारखे केस बांधायला लागल्या. या दिसण्याच्या हौसेत कंपनी कर्जात बुडाली. बचत गटाचं रजिस्टर लिहिणाऱ्या बाईनं त्यांचा खर्च बघितला असता तर पहिल्याच महिन्यात हात धरला असता.

बाईनं कसं दिसावं हे एका पुरुषानं कागदावर ठरवलं, दुसऱ्यानं मंचावर ठरवलं, आणि बाया ते बघून शिकल्या. आम्हाला बालगंधर्वांबद्दल आदरच आहे. पण नुसता पदर शिकल्या असत्या तर बिघडलं नसतं. 1919 साली गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ मंचावर आलं. त्यात बालगंधर्व सिंधू व्हायचे. भरजरी शालू सोडून ठिगळाचं लुगडं नेसायचे. सिंधूचा नवरा सुधाकर दारूत बुडालेला, घरात दाणा नाही, ती दळण दळून दिवस काढते. नवऱ्याच्या हातून लेकरू जातं, तिच्यावर घाव बसतो, आणि मरताना ती पोलिसांना खोटं सांगते की नवऱ्यानं काही केलं नाही. हजारो लोक ढसाढसा रडले. दारूचा घात त्या नाटकानं जितका दाखवला तितका क्वचित कुणी दाखवला असेल. पण त्याच वेळी सोसणाऱ्या बाईचं इतकं देखणं, इतकं सुरेल चित्र उभं राहिलं की तक्रार करणारी बाई त्यापुढं कुरूप दिसावी. आपल्यापैकी ज्या बाया बाटली आडवी करायला ग्रामसभेत उभ्या राहिल्या असतील, त्यांना लोकांनी काय काय ऐकवलं असेल ते आठवून बघा. त्या बोलण्यात कुठंतरी सिंधूचं चित्र असतं.

इटलीतही निराळं नव्हतं. रोममध्ये धर्मसत्तेनं बायांना मंचावर बंदी केली होती. मग बायकी आवाज कुठून आणायचा? गळा चांगला असलेल्या लहान पोरांना आवाज फुटायच्या आत खच्ची करत. बाई नको होती, बाईचा आवाज हवा होता. आपल्याकडे असं क्रौर्य झालं नाही, पण बाई नको हा हट्ट होताच. घरंदाज बाईनं गायचं नाही, आणि जी गाते ती घरंदाज नाही, असा सगळा न्याय.

त्याच मुंबईत अंजनीबाई मालपेकर होत्या. जन्म 1883 चा, घराणं गोव्याचं, गाणं भेंडीबाजार घराण्याचं. रविवर्मा आणि धुरंधर या दोन्ही चित्रकारांची त्या प्रेरणा होत्या असं सांगितलं जातं. विचार करा, चित्रात बाई म्हणून हीच हवी आणि गाणंही हिचं अव्वल, तरी संगीत नाटकातली बाई मात्र पुरुष! चाळिशीत अंजनीबाईंनी मैफली सोडल्या आणि शिकवायला बसल्या. कुमार गंधर्व त्यांच्याकडे शिकले, किशोरी आमोणकर शिकल्या. 1958 साली संगीत नाटक अकादमीनं त्यांना फेलो म्हणून गौरवलं. त्या चित्रांना मात्र मोहिनी वगैरे नावं आहेत. अंजनी हे नाव नाही.

बाया मंचावर आल्याच, पण सोपं नव्हतं. फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’ सिनेमात 1913 साली तारामती पुरुषच झाला. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई, दोघी मायलेकी, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. बाबूरावांच्या ‘सैरंध्री’तही बायाच होत्या. हिराबाई बडोदेकरांनी मंचावर गाऊन दाखवलं. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे होत्या. त्या नाटकात रंगवलेले पडदे गेले आणि खऱ्या घरासारखी खोली मंचावर आली. पडदा आणि साडीतला पुरुष, दोघंही मागं हटायला लागले ते साधारण एकाच सुमाराला. खऱ्या खोलीत खोटी बाई खपेना.

आणि बालगंधर्व? 1935 साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ सिनेमात ते दाढी-मिशीच्या पुरुषाच्या भूमिकेत दिसले. कोणाच्या? आपल्या पैठणच्या एकनाथांच्या.

एक राहिलं. रविवर्मा छापखान्याची चित्रं घरी आली की पुष्कळ घरांतल्या बाया ती तशीच ठेवत नसत. लक्ष्मीच्या साडीवर खरं कापड शिवायच्या, काठाला जर लावायच्या, टिकल्या आणि मणी बसवायच्या, मगच चौकट करायच्या. छापील शकुंतलेला शंभर घरांत शंभर वेगळी लुगडी नेसवली गेली. संग्रहालयांत अशी चित्रं आता काचेमागं ठेवतात. पाटीवर चित्रकाराचं नाव असतं, छापखान्याचं असतं. टाके कोणाचे ते लिहिलेलं नसतं.

तुमच्या घरात, माहेरी, एखाद्या जुन्या वाड्यात अशी चौकट असेल तर दिवाळीच्या साफसफाईत ती नदीत सोडू नका. खालच्या कडेला बारीक अक्षरात रविवर्मा प्रेस, कार्ला-लोणावळा असं छापलंय का बघा. मग काचेतून साडीकडे बघा. जर लावलेली असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला विचारा, ही कोणी शिवली. नाव सांगितलं तर चौकटीच्या मागं पेनानं लिहून ठेवा, आणि पुढच्या गटाच्या बैठकीला ते नाव आम्हालाही कळवा.