पडदा एक, पेट्या अनेक

दूरदर्शनसंच आणि संगणक ही दोन यंत्रे आज एकाच दिवाणखान्यात नांदत आहेत. पुष्कळ घरी तर दोहोंचा पडदाही एकच झाला आहे. हा संबंध काल-परवा जुळला अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु या दोन यंत्रांची भारतातील कुळकथा शोधू गेल्यास आपण हैदराबादच्या एकाच कारखान्याच्या दाराशी येऊन उभे राहतो, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानी नसते.

अणुशक्ती विभागाच्या छत्राखाली १९६७ साली हैदराबादेत इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया, म्हणजेच ईसीआयएल, ही संस्था स्थापन झाली. डॉ. अय्यागारी सांबशिव राव हे तिचे शिल्पकार. नगरातील ए. एस. राव नगर ही वसाहत त्यांचेच नाव धारण करते. तुर्भे येथे आखलेला 'टीडीसी-१२' हा स्वदेशी संगणक १९६९ साली या संस्थेने तयार केला. पुढे 'ईसी' या नावाचे दूरदर्शनसंचही तिनेच घरोघर पोहोचविले. एकाच घरी जन्मलेल्या या दोन भावंडांच्या वाटा मात्र निराळ्या झाल्या: एक प्रयोगशाळेत गेले, दुसरे गावच्या चावडीवर.

चावडीवर, हे आम्ही अलंकार म्हणून लिहीत नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात उपग्रहाद्वारे शिक्षणाचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत सार्वजनिक संच बसविण्यात आले. तत्कालीन आंध्र प्रदेश व कर्नाटक ही त्यांपैकी दोन राज्ये होत. उपग्रह अमेरिकेचा, पण गावोगावचे संच हैदराबादेत ईसीआयएलने बनविलेले. अँटेना म्हणाल तर कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या जाळीची, सुमारे दहा फूट व्यासाची.

या प्रयोगातील एक तत्त्व आम्हास आजही मननीय वाटते. त्या उपग्रहावर तीस फूट व्यासाची अँटेना उघडली जाई व तो जोरकस लहरी खाली सोडी; म्हणूनच खालचे साहित्य साधे व स्वस्त ठेवता आले. तो पृथ्वीच्या गतीने फिरत असल्याने आकाशात एकाच जागी स्थिर भासे. म्हणून जाळी एकदा नीट रोखली की पुन्हा हलविण्याचे कारण नसे. तात्पर्य, अवघडपणाचा सारा भार जाणत्यांनी वर उचलला आणि पाहणाऱ्याच्या वाट्यास सोपेपणा ठेवला.

१९७७ साली हैदराबादेस दूरदर्शन केंद्र आले, १९८२ साली देशात रंगीत चित्र आले. जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी 'रामायण' लागू लागले, तेव्हा लोक स्नान करून, संचास हार घालून बसत. त्या काळी आजीबाईस कळ फिरविता आली की झाले. दुसरी विद्या लागत नसे.

नव्वदीच्या दशकात तारवाले आले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने आकाशलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असा निर्णय दिला. त्याच वर्षी केबल दूरचित्रवाणीचा कायदाही झाला. काचीगुडा वा सुलतान बाजार भागातील मराठी कुटुंबांस याचा लाभ मोठा झाला, कारण मुंबई केंद्राच्या मनोऱ्याची लहर येथवर पोहोचत नव्हती. मराठी वाहिनी घरात आली ती उपग्रहाच्या व तारेच्याच कृपेने. पुढे २०१३ साली हैदराबादसह अनेक नगरांत तारेवरील प्रक्षेपण अंकीय करण्यात आले आणि संचाशेजारी एक पेटी येऊन बसली. तिच्यामागून इंटरनेटची पेटी, ध्वनीची पेटी आणि संगणकही आला. पेटीगणिक एक नियंत्रक, आणि नियंत्रकागणिक पन्नास बटणे!

परिणाम असा की, आजी आता नातू घरी येईतो थांबते. कीर्तन ऐकावयाचे, पण पडदा निळा. आवाज आहे तर चित्र नाही. परप्रांतात राहणाऱ्या वृद्धास मातृभाषा ऐकविणारे जे साधन, तेच त्याला परावलंबी करीत असेल तर ही केवळ गैरसोय नव्हे. घरातील त्याच्या मानाचा हा प्रश्न आहे.

सुदैवाने उपाय हाती आहे. पूर्वी संगणकाचे चित्र एका तारेने व आवाज दुसऱ्या तारेने न्यावा लागे. २००२ च्या अखेरीस सात कंपन्यांनी मिळून 'एचडीएमआय' ही जोडणी प्रसिद्ध केली. तिच्या एकाच तारेतून दोन्ही जातात. २००९ पासून याच तारेतून संचाचा आवाज उलट दिशेने ध्वनिपेटीकडे नेण्याची सोय झाली. संचामागील ज्या खोबणीवर 'एआरसी' ही अक्षरे असतात, तीत ध्वनिपेटी जोडावी. 'सीईसी' नावाची सोय सुरू केली असता एका नियंत्रकाने अनेक पेट्या चालविता येतात. बहुतेक संगणक मात्र ही आज्ञा मानीत नाहीत. म्हणून संच स्वतःच इंटरनेट जाणणारा असेल तर नित्याच्या श्रवणदर्शनास संगणक मध्ये घालूच नये. तो कामापुरता एका तारेने जोडावा.

भारतीय मानक ब्यूरोने उपग्रहग्राहक अंगभूत असलेल्या संचांसाठी 'आयएस १८११२:२०२२' हे मानकही प्रसिद्ध केले आहे. अशा संचावर छतावरील योग्य अँटेनाच्या आधारे विनामूल्य वाहिन्या निराळ्या पेटीवाचून दिसू शकतात. कुलूपबंद सशुल्क वाहिन्यांस मात्र पेटी लागतेच. मानक प्रसिद्ध होणे आणि ते सक्तीचे होणे या कायद्याच्या दृष्टीने दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे ग्राहकाने खरेदीपूर्वी ध्यानात घ्यावे.

खेड्यातील निरक्षर मनुष्यापुढे संच ठेवताना पन्नास वर्षांपूर्वी जो विचार झाला, तो आज आपल्या सुशिक्षित घरांत व्हावयास हवा. घरातील जाणत्याने एक दुपार खर्चावी, निरुपयोगी पेट्या काढाव्यात, उरलेल्या तारांना ठळक मराठी अक्षरांत चिठ्ठ्या लावाव्यात, आणि वृद्धांच्या हाती एकच नियंत्रक द्यावा. मग आपण स्वस्थ बसावे व त्यांनी तो स्वतः चालवून पाहावा. त्यांना तो कोणाला हाक न मारता चालविता आला, तरच जोडणी पुरी झाली असे समजावे.