आवाज वाढवण्याआधी : घरी बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर आणि दोषशोधाचा इतिहास

२ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीतील सेमिकॉन इंडिया परिषदेत 'विक्रम' हा भारतीय बनावटीचा ३२-बिट प्रोसेसर सादर झाला, तेव्हा देशभरातील वृत्तपत्रांनी त्या इवल्याशा चिपचे छायाचित्र छापले. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने ७६,००० कोटी रुपयांचा सेमिकंडक्टर कार्यक्रम मंजूर केल्यापासून अशा बातम्या वारंवार येतात. गुजरातेतील साणंद येथील प्रकल्पाच्या वर्णनात 'जुळणी आणि चाचणी' हे दोन शब्द जोडीने येतात. जुळणीचे छायाचित्र काढता येते. चाचणीचे सहसा निघत नाही. इलेक्ट्रॉनिक्सचा इतिहास मात्र असे सांगतो की, यंत्र बांधण्याइतकेच कष्ट ते नीट का चालत नाही हे ओळखण्यात खर्ची पडले आहेत. या इतिहासाचा स्वस्त आणि बोलका नमुना म्हणजे घरी बांधलेला ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायर.

जबलपूरचा बडा फुहारा हा चौक त्या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. जुन्या शहराच्या बाजारपेठेचे हे हृदय. जवळच उभे असलेले कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण करून देते. त्या मार्चमध्ये सुभाषचंद्र बोस तापाने इतके क्षीण झाले होते की, त्यांचे अध्यक्षीय भाषण त्यांचे बंधू शरदचंद्र यांनी वाचून दाखवले. अफाट जनसमुदायापर्यंत एका माणसाचा आवाज पोहोचवणे हा त्या काळात राजकारणाइतकाच विद्युतशास्त्राचाही प्रश्न बनला होता. मुंबईच्या नानिक मोटवानी यांच्या 'शिकागो रेडिओ'चे कर्णे काँग्रेसच्या सभांतून परिचित झाले होते. पुढे १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त 'काँग्रेस रेडिओ' चालवला, त्या प्रकरणात मोटवानींनाही अटक झाली.

जबलपूर त्या वेळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होते. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत या शहराचा कारभार नागपूरहूनच चालत असे. दूरसंचाराच्या शिक्षणाशी मात्र शहराचे नाते स्वतंत्र आहे. लष्कराच्या सिग्नल्स दलाचे प्रशिक्षण केंद्र येथे आहे. १९४२ मध्ये तार-टेलिफोन खात्याचे प्रशिक्षण केंद्र येथे सुरू झाले. आज त्या संस्थेला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव आहे. १९४७ मध्ये शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले आणि इलेक्ट्रॉनिक्स व दूरसंचार हा विषय तेथे देशात फार लवकर शिकवला जाऊ लागला. अशा शहरातील एखाद्या विद्यार्थ्याने बाजारातून ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर आणि ट्रान्झिस्टर आणून रात्री टेबलावर अ‍ॅम्प्लिफायर जुळवला, तर तो नकळत शंभर वर्षांच्या इतिहासाची उजळणी करत असतो.

या इतिहासाचा आरंभ टेलिफोनच्या तारेपासून होतो. ली द फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये 'ऑडिऑन' ही तीन अग्रांची नळी बनवली. तिच्यात सुधारणा झाल्यावर जानेवारी १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को टेलिफोनसेवा सुरू झाली. अंतर जितके मोठे, तितके अधिक अ‍ॅम्प्लिफायर तारेत बसवावे लागत. आणि प्रत्येक अ‍ॅम्प्लिफायर आवाजासोबत थोडी विकृतीही वाढवून पुढे पाठवी. एकाची विकृती कानाला जाणवत नसे, पण अनेकांची साठत जाई. प्रत्येक नळी अधिक निर्दोष करावी, असा प्रयत्न अनेकांनी वर्षानुवर्षे केला.

हॅरॉल्ड ब्लॅक यांनी प्रश्नच उलटा केला. २ ऑगस्ट १९२७ च्या सकाळी हडसन नदी ओलांडणाऱ्या फेरीबोटीत त्यांना उत्तर सुचले आणि हातातल्या 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पानावरच त्यांनी ते मांडले. नळी सदोषच राहू द्यावी. तिच्या निर्गमाचा छोटा अंश उलट्या दिशेने प्रवेशाकडे आणावा आणि मूळ संकेतातून वजा करावा. यालाच ऋण प्रतिभरण म्हणतात. एक आकडेमोड पुरेशी आहे. मूळ वर्धन १०,००० पट असून निर्गमाचा शंभरावा भाग परत आणला, तर एकूण वर्धन १०,००० भागिले १०१, म्हणजे सुमारे ९९ पट होते. आता नळी जुनी होऊन मूळ वर्धन निम्मे, ५,००० पट झाले, तरी एकूण वर्धन ५,००० भागिले ५१, म्हणजे सुमारे ९८ पट राहते. आतला भाग निम्म्याने ढासळला. बाहेर फरक पडला केवळ एक टक्का. मिळालेले वर्धन मुद्दाम गमवावे ही कल्पना तज्ज्ञांना इतकी विचित्र वाटली की, १९२८ मध्ये अर्ज केलेले अमेरिकी पेटंट १९३७ च्या डिसेंबरात मिळाले. ब्रिटिश पेटंट कार्यालयाने तर आपल्या अर्जाला चिरगतियंत्राच्या दाव्यासारखी वागणूक दिली, असे ब्लॅक यांनी पुढे नमूद केले.

या युक्तीला एक धोका चिकटलेला होता. परत आणलेला संकेत वाटेत उशिराने पोहोचला, तर वजाबाकीची बेरीज होते आणि अ‍ॅम्प्लिफायर स्वतःहून आंदोलित होऊ लागतो. हे केव्हा घडेल, याची निश्चित कसोटी हॅरी नायक्विस्ट यांनी १९३२ मध्ये दिली. घरगुती टेबलावर ती कसोटी अशी प्रकट होते : कर्णा शांत, पण हीट सिंक हात लावता येणार नाही इतके तापलेले. आंदोलन लाखो हर्ट्झचे असते; कानाला २०,००० हर्ट्झपलीकडचे ऐकू येत नाही. म्हणून 'आवाज नाही, म्हणजे दोष नाही' हा निष्कर्ष येथे फसवा ठरतो. ऑसिलोस्कोप जोडताच पडद्यावर जाड पट्टा दिसतो. निर्गमावर १० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर एकापुढे एक जोडण्याची रूढ पद्धत अशाच आंदोलनांना आवर घालण्यासाठी आहे.

हेच आंदोलन एकदा पुरावाही ठरले. २३ डिसेंबर १९४७ रोजी बेल प्रयोगशाळेत जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी पहिला ट्रान्झिस्टर सहकाऱ्यांना दाखवला, तेव्हा ती चाचणी ऑडिओ अ‍ॅम्प्लिफायरचीच होती : कोणी बोलत असताना तो मंडलात घ्यायचा, मग बाहेर काढायचा आणि फरक ऐकायचा. दुसऱ्या दिवशी त्याच ट्रान्झिस्टरपासून आंदोलक बनवला गेला. खरी शक्तिवृद्धी असल्याखेरीज आंदोलन टिकत नाही. त्यामुळे ऐकण्यातील भ्रमाची शंका उरली नाही. कारागीर ज्याला दोष म्हणतो, त्याचाच येथे निर्णायक साक्षीदार झाला.

त्याच वर्षी 'वायरलेस वर्ल्ड' या ब्रिटिश मासिकात डी. टी. एन. विल्यमसन यांचा अ‍ॅम्प्लिफायर प्रसिद्ध झाला आणि घरी बांधणाऱ्यांची एक पिढी त्यावर वाढली. त्याचे प्रतिभरण निर्गमाच्या ट्रान्सफॉर्मरलाही कवेत घेत असे. ट्रान्सफॉर्मर लेखकाने सांगितलेल्या प्रतीचा नसला, तर आकृती तंतोतंत उतरवूनही यंत्र अस्थिर होई. आकृती बरोबर, जोडणी बरोबर, तरी यंत्र चूक : हा अनुभव नायक्विस्टच्या प्रबंधाइतकाच शिकवणारा होता.

भारतात १९५४ मध्ये स्थापन झालेल्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ च्या सुमारास व्हॉल्व्ह आणि १९६२ च्या सुमारास जर्मेनियम ट्रान्झिस्टर बनवण्यास आरंभ केला. पुढे '२एन३०५५' हा जाडजूड धातूच्या कवचातला ट्रान्झिस्टर घरगुती अ‍ॅम्प्लिफायरचा जणू मानदंड झाला. व्हॉल्व्हच्या तीनशे-चारशे व्होल्टांऐवजी आता तीस-चाळीस व्होल्टांत काम भागू लागले. धोका घटला, नाहीसा झाला नाही. आणि चाचणीचा क्रम अधिकच महत्त्वाचा ठरला, कारण व्हॉल्व्ह चूक काही क्षण सहन करतो, ट्रान्झिस्टर डोळ्याचे पाते लवण्याआधी जळतो.

हा क्रम अनुभवी कारागिरांनी नुकसान सोसून घडवला आहे. नवे यंत्र थेट विजेला जोडायचे नाही. मध्ये १०० वॅटचा तंतूचा बल्ब घालायचा. २३० व्होल्टांवर पेटलेल्या अशा बल्बचा रोध सुमारे ५२९ ओहम असतो. आत पूर्ण शॉर्ट असला, तरी प्रवाह ०.४३ अँपिअरच्या वर जात नाही. बल्ब क्षणभर चमकून मंदावला, तर कपॅसिटर भरले आणि पुढे जाण्यास हरकत नाही. तो पूर्ण तेजाने पेटून राहिला, तर वीज बंद करून शॉर्ट शोधायचा. थंड तंतूचा रोध अत्यल्प, तापल्यावर कित्येक पट. म्हणूनच ही युक्ती साधते आणि एलईडी बल्बने ती साधत नाही.

त्यानंतर कर्णा न जोडता निर्गमावरील एकदिश व्होल्टता मोजायची. ती काही दशांश मिलिव्होल्टांतच नव्हे, तर वीस-तीस मिलिव्होल्टांपर्यंत असली, तरी चालते. निर्गमाचा ट्रान्झिस्टर शॉर्ट असला, तर ३३ व्होल्टांचा पुरवठा थेट ८ ओहमच्या कर्ण्यावर येतो; वर्ग करून भागले की १३६ वॅट होतात आणि ते सारे नाजूक तारेच्या गुंडाळीत उष्णता होऊन उतरतात. मग स्थिरप्रवाह : ०.२२ ओहमच्या रेझिस्टरवर ११ मिलिव्होल्ट दिसले, तर ५० मिलिअँपिअर वाहत आहेत. तो फार कमी असला, तर हळू आवाजात कर्कशता येते. फार जास्त असला, तर ट्रान्झिस्टर तापतो. तापताच त्याची बेस-एमिटर व्होल्टता अंशागणिक सुमारे दोन मिलिव्होल्टांनी घटते, प्रवाह आणखी वाढतो, आणि हे चक्र ट्रान्झिस्टर जळूनच थांबते. प्रवाह ठरवणारा छोटा ट्रान्झिस्टर हीट सिंकवरच का बसवतात, याचे उत्तर येथे आहे.

शेवटी कर्ण्याच्या जागी ८ ओहमचा जाड रेझिस्टर आणि प्रवेशाला १,००० हर्ट्झचा शुद्ध तरंग. शिखरे सपाट होण्याआधी २० व्होल्टांचे शिखर मिळाले, तर शक्ती २५ वॅट. बाजारातील डब्यांवर छापलेल्या शेकडो वॅटांची शहानिशा करण्यास एवढा भागाकार पुरतो.

गुणगुण हा सर्वांत जुना पाहुणा. तिच्यावर उपाय करण्याआधी तिची वारंवारता विचारावी. १०० हर्ट्झची गुणगुण बहुधा पुरवठ्यातील गाळणीकडे किंवा तिच्या अर्थजोडणीकडे बोट दाखवते. ५० हर्ट्झची बाहेरून, तारांच्या वेटोळ्यातून शिरलेली असते. येथेच एक घातक सवय आढळते : तीन पिनांच्या प्लगमधील अर्थची तार तोडली की पुष्कळदा गुणगुण थांबते. लक्षण गेले, पण धातूच्या पेटीचे संरक्षणही गेले. पुढे ट्रान्सफॉर्मरचे आवरण फुटले, तर त्या पेटीवर २३० व्होल्ट येतात आणि तिला हात लावणारा माणूस हाच अर्थचा मार्ग ठरतो. मंडपातल्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या असलेल्या मुलाच्या बाबतीत लक्षण घालवणे आणि कारण घालवणे यांतील अंतर म्हणजे त्याचा जीव आहे. योग्य उपाय कंटाळवाणा आहे : सर्व अर्थतारा एका बिंदूवर आणणे, संकेताच्या तारा ट्रान्सफॉर्मरपासून दूर ठेवणे, अर्थ कायम ठेवणे.

या सर्वांमागची शिस्त थोडक्यात सांगता येते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मंडल मधोमध तोडून संकेत कोठपर्यंत शाबूत येतो ते पाहावे. सोळा टप्प्यांतील एक दोष चार मापांत सापडतो. मोजमापाआधी अपेक्षित आकडा वहीत लिहावा, कारण नंतर लिहिलेली अपेक्षा नेहमीच बरोबर ठरते. सगळे सुटे भाग बदलून यंत्र चालू झाले, तर यंत्र मिळते, कारण मिळत नाही. तोच दोष पुढच्या यंत्रात पुन्हा भेटतो.

साणंदच्या चाचणीकक्षात यंत्रे सेकंदाला असंख्य मापे घेतील, पण कोणते माप घ्यावे आणि विसंगत आकड्यावर विश्वास ठेवावा की उपकरणावर शंका घ्यावी, हे ठरवणारे मन कोठेतरी घडलेले असावे लागते. अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिकांत मंडल बहुधा आधीच जुळवलेले असते आणि उत्तरही ठाऊक असते. न चालणारा अ‍ॅम्प्लिफायर मात्र उत्तर देत नाही. तो केवळ खरे बोलतो. बडा फुहाऱ्याच्या बाजारातून आणलेल्या काहीशे रुपयांच्या सुट्या भागांत हे शिक्षण आजही उपलब्ध आहे. त्यासाठी एक मल्टिमीटर, एक वही आणि तंतूचा एक जुना बल्ब जपून ठेवावा लागतो.