दट्ट्या जाड, चाल मंद

ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवणारा विचारतो, सिलिंडर जाड घातला तर जास्त ओझं उचलेल ना? उचलेल. पण हे अर्धंच उत्तर झालं. उरलेलं अर्धं पास्कालनं कधीच सांगून ठेवलंय.

द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली छापला गेला. पाण्यानं भरलेलं बंद भांडं, त्याला दोन तोंडं, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. लहान दट्ट्या दाबणारा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर जणांना तोलून धरतो. आपण इथंच थक्क होऊन थांबतो. पास्काल थांबला नाही. लहान दट्ट्या एक इंच सरकला तर मोठा इंचाचा शंभरावा भागच सरकतो, हेही त्यानं लिहिलं. मला विचाराल तर त्याचं मोठेपण या दुसऱ्या वाक्यात आहे.

यंत्र व्हायला मात्र १७९५ उजाडलं. लंडनचा कुलपं बनवणारा जोसेफ ब्रामा, त्यानं पेटंट घेतलं. अडलं होतं ते गळतीपाशी, तत्त्वापाशी नव्हे! पाण्याच्या दाबानंच घट्ट बसणारं चामड्याचं कडं आलं आणि काम झालं. त्याचं श्रेय सहसा त्याच्याकडचा कारागीर हेन्री मॉडस्ले याला देतात.

१८४९ मध्ये वेल्समधल्या ब्रिटानिया पुलाच्या अजस्र लोखंडी नळ्या अशाच दाबयंत्रांनी चढवल्या. ऑगस्टमध्ये सिलिंडर फुटला. नळी वर जाईल तसतसा खाली आधार रचत चला, हा रॉबर्ट स्टीफन्सनचा आग्रह होता, म्हणून ती काही इंचच खाली आली.

आता लोडर बघा. सिलिंडरचा आतला व्यास ५० मिलिमीटरचा ६० केला, तर दट्ट्याचं क्षेत्रफळ ४४ टक्के वाढतं. तेलाचा दाब तोच, म्हणून जोरही तेवढाच वाढतो. पण पंप मिनिटाला पूर्वीइतकंच तेल देतो, आणि भरायची जागा वाढलेली. बादली ५ सेकंदांत चढायची, तिला आता ७.२ लागतात. शेणखताच्या २०० बादल्या भरल्या तर दिवसाला जादा ४४० सेकंद, म्हणजे साडेसात मिनिटंही नाहीत. वेळेची तक्रार मला तरी फार मोठी वाटत नाही.

खरी काळजी वाढलेल्या जोराची. तो लोडरच्या दंडांवर, पिनांवर, ट्रॅक्टरच्या पुढच्या आसावर येतो, आणि मागं पुरेसं वजन नसेल तर मागची चाकं जमीन सोडतात. ब्रिटानियाला नळीखाली आधार होता. शेतात उचललेल्या बादलीखाली काहीच नसतं. कधी कधी माणूस असतो.